विमान बदलले, वर्गही गेला: प्रवाशाने काय मागावे?

नेरुळला राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांसाठी त्यांनी मे महिन्यातील मुंबई-लंडन-मुंबई या थेट प्रवासाची प्रीमियम इकॉनॉमी या, इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधल्या, वर्गाची तिकिटे एका भारतीय विमान कंपनीकडून घेतली. प्रत्येक तिकिटाला करांसह १,९०,००० रुपये पडले. वडिलांच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झालेले असल्यामुळे पहिल्या रांगेतील आसनांसाठी वेगळे पैसे भरले आणि आईसाठी व्हीलचेअरची नोंद केली. त्याच विमानाने त्यांची बहीण आणि तिची सहा वर्षांची मुलगी इकॉनॉमीतून जाणार आहेत. आता कंपनीचा संदेश आला आहे की जातानाचे आणि येतानाचे अशी दोन्ही विमाने बदलली असून नव्या विमानात प्रीमियम इकॉनॉमी हा वर्गच नाही. आईवडिलांना इकॉनॉमीत जागा दिली आहे आणि अ‍ॅपमध्ये ‘स्वीकारा’ असे बटण दिसते आहे. कॉल सेंटरने माणशी १८,००० रुपये भाडेफरक परत मिळेल असे सांगितले. हे स्वीकारावे का, आणि न स्वीकारल्यास कोणते मार्ग उरतात, असे त्यांनी विचारले आहे.

मी ठाण्यात नौपाड्याला सव्वीस वर्षे हवाई तिकिटांचे काम करतो आहे आणि अशा संदेशांना उत्तरे देण्यात माझ्या कामाचा बराच वेळ जातो. म्हणून सर्वांत निकडीची गोष्ट आधी सांगतो: ते बटण आज दाबू नका. का दाबू नये हे समजले की बाकीचे सारे मार्ग आपोआप उलगडतील, त्यामुळे त्या कारणापासूनच सुरुवात करतो.

प्रवासी तिकीट काढतो तेव्हा विमान कंपनी त्याला विमानाच्या विशिष्ट प्रकाराचे वचन देत नाही. जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या वाहतूक-अटींमध्ये आगाऊ सूचना न देता विमान बदलण्याचा अधिकार राखून ठेवलेला असतो. वेळापत्रकात ७८९, ७७डब्ल्यू, ३५९, ३२एन, एटी७ असे जे संकेत दिसतात ते केवळ माहितीसाठी असतात. मात्र तारीख, मार्ग, प्रवासाचा वर्ग, पैसे भरून घेतलेली सेवा आणि आजारी किंवा अपंग प्रवाशासाठी मान्य केलेली मदत या गोष्टी कराराचा भाग असतात. ‘तुम्ही विमान बदलले’ अशी तक्रार केली की कंपनी अटींचे कलम दाखवते आणि विषय तिथेच संपतो. ‘मी विकत घेतलेला वर्ग तुम्ही मला देत नाही’ असे लिहिले की तीच कंपनी नियमाच्या कक्षेत येते. आपल्या पत्रव्यवहारात विमानाच्या प्रकाराचा उल्लेख एका ओळीपुरताच असावा आणि उरलेले पत्र वर्गाविषयी, आसनांविषयी आणि व्हीलचेअरविषयी असावे.

विमाने बदलतात कशी, हे थोडक्यात सांगितले तर कंपनीशी बोलताना उपयोग होईल. काही बदल अखेरच्या क्षणी होतात: विमान तांत्रिक कारणाने जमिनीवर अडकते आणि दुसरे आणावे लागते. वैमानिकाचा परवाना विशिष्ट प्रकारच्या विमानासाठी असतो, त्यामुळे ऐनवेळचा बदल शक्यतो एकाच कुटुंबातील विमानांमध्ये होतो, म्हणजे एअरबस ए३२१ च्या जागी त्याच कुटुंबातील लहान ए३२०. काही बदल मोठ्या कारणांमुळे होतात. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतील धातुभुकटीचा दोष उघड झाला आणि त्या तपासणीसाठी जगभरातील अनेक ए३२० निओ विमाने महिनोन्‌महिने उभी राहिली. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस ए३२० कुटुंबातील हजारो विमानांच्या नियंत्रण-संगणकाची आज्ञावली तातडीने बदलावी लागली. तिसरा प्रकार आपल्या बाबतीत घडलेला दिसतो. एकाच कंपनीकडे एकाच प्रकारची काही विमाने नव्या केबिनची आणि काही जुन्या केबिनची असतात, आणि प्रीमियम इकॉनॉमी फक्त नव्या केबिनमध्ये असते. हंगामाचे नियोजन बदलले की मार्गावर जुने विमान येते आणि मधला वर्ग नाहीसा होतो. हा बदल काही आठवडे आधी ठरलेला असल्यामुळे कंपनीकडे पर्याय शोधायला पुरेसा वेळ होता, हे आपण पत्रात नम्रपणे पण स्पष्ट लिहावे.

आता नियमाकडे येऊ. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, यांच्या प्रवासी-सुविधाविषयक नियमांत १५ फेब्रुवारी २०२३ पासून एक महत्त्वाची तरतूद लागू झाली. प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध, त्याने घेतलेल्या तिकिटापेक्षा खालच्या वर्गातून नेले, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय प्रवासात हे प्रमाण अंतरावर ठरते: १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १,५०० ते ३,५०० किलोमीटरपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. मुंबई-लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, म्हणजे आपण सर्वांत वरच्या गटात बसता. दुबईला जाणारा प्रवासी मधल्या गटात बसतो, सिंगापूरला जाणारा वरच्या.

हिशेब करून पाहा. परतीच्या तिकिटाची निम्मी किंमत जाण्याच्या टप्प्याची धरली (प्रत्यक्षात विभागणी तिकिटावरील भाड्याच्या तपशिलावरून करावी लागते आणि ती नेमकी निम्मी असेलच असे नाही), तर ती ९५,००० रुपये होते आणि तिचे ७५ टक्के म्हणजे ७१,२५० रुपये. दोघांचे मिळून १,४२,५०० रुपये, आणि तेही फक्त जाण्याचे. कॉल सेंटर आपल्याला दोन्ही टप्प्यांचे मिळून माणशी १८,००० देऊ पाहत आहे. हा फरक लहान नाही. ‘भाडेफरक’ या शब्दात हीच अडचण आहे. आपण काही महिन्यांपूर्वी काढलेल्या प्रीमियम इकॉनॉमीच्या तिकिटाची तुलना कंपनी बहुधा इकॉनॉमीच्या चढ्या भाड्याशी करते, आणि मे महिन्यात ते भाडे इतके वाढलेले असते की फरक नगण्य उरतो. टक्केवारीचा नियम आला तो याच पद्धतीला पायबंद बसावा म्हणून, असे मी समजतो.

आणि आता त्या बटणाविषयी. नियमाचा सारा भर ‘इच्छेविरुद्ध’ या शब्दावर आहे. आपण अ‍ॅपमध्ये बदल स्वीकारला, भाडेफरकाचा परतावा घेतला आणि इकॉनॉमीचे नवे तिकीट निघू दिले, की कंपनीच्या नोंदीत आपण स्वखुशीने इकॉनॉमीचे प्रवासी होता. पुढे ७५ टक्के मागितले तर ती नोंद समोर ठेवली जाते. तुमच्या संमतीची किंमत कंपनीला नीट कळते, म्हणून ती मागताना बटण सोपे आणि रंगीत केलेले असते. ती संमती आपल्या हातातले एकमेव नाणे आहे, आणि ते काय मिळते आहे हे पाहूनच खर्च करावे.

याचा चटका मी एकदा जवळून पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी ठाण्यातील चाळीस ज्येष्ठ नागरिकांच्या गटाची देशांतर्गत तिकिटे मी काढली होती. प्रवासाच्या सकाळी ए३२१ च्या जागी ए३२० आले आणि आसने कमी पडली. बहुतेक मंडळी लवकर पोहोचली, पण पूर्व द्रुतगती महामार्गावर आणि पुढे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर अडकलेल्या एका गाडीतील सहा जण वेळेत, पण सर्वांत शेवटी काउंटरवर गेले आणि तेच मागे राहिले. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे, पक्के तिकीट घेऊन वेळेत हजर झालेल्या प्रवाशाला विमानात घेतले नाही आणि २४ तासांच्या आत दुसऱ्या विमानाने पाठवले, तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या व इंधन-आकाराच्या २०० टक्के, पण कमाल १०,००० रुपये भरपाई मिळते. २४ तासांहून अधिक उशीर झाला तर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये. तासाभरात दुसरे विमान मिळाले तर काही नाही. आमच्या सहाही जणांना संध्याकाळचे विमान मिळाले, म्हणजे पहिली भरपाई त्यांना लागू होती. पण काउंटरवर त्यांच्यासमोर एक कागद आला, त्यांनी जेवणाची कुपने घेतली आणि कागदावर सह्या केल्या. कागदावर लिहिले होते की प्रवासी स्वेच्छेने नंतरच्या विमानाने जात आहे. मी पुढे चार महिने पत्रव्यवहार केला, पण त्या सह्यांपुढे माझे काही चालले नाही. नियमानुसार आधी स्वयंसेवक विचारावे लागतात, आणि आमची भोळी माणसे स्वयंसेवक ठरली होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक प्रवाशाला सांगतो की कागदावर ‘स्वेच्छेने’ हा शब्द दिसला तर सही करण्याआधी मला फोन करा.

मग आपण नेमके काय करावे? माझ्या मते मागण्यांचा क्रम असा असावा. पहिली मागणी, त्याच कंपनीच्या ज्या दिवशीच्या विमानात प्रीमियम इकॉनॉमी आहे अशा, तीन-चार दिवस अलीकडच्या किंवा पलीकडच्या तारखेला, कोणताही भाडेफरक न घेता बदल करून द्यावा. आईवडील निवृत्त आहेत, लंडनला कुणी वाट पाहत असले तरी दोन दिवस पुढेमागे चालतील, आणि गुडघ्यासाठी घेतलेली जागा खरोखर मिळेल. बहुतेक कंपन्या, वर्गच उपलब्ध नसेल तर, असा बदल विनाशुल्क करून देतात, पण स्वतःहून सुचवत नाहीत. तारखा आपणच शोधून ‘या दिवशीच्या या क्रमांकाच्या विमानात हलवा’ असे नेमके सांगावे लागते. विमानाचा आसन-नकाशा उघडून तिथे मधला वर्ग आहे का हे आधी पाहून घ्या.

ते शक्य नसेल तर दुसरी मागणी त्याच विमानातील बिझनेस वर्गाची करावी. हे धाडस वाटेल, पण तसे नाही. मधला वर्ग गेला की त्यातील प्रवाशांना कुठे तरी बसवावेच लागते, आणि बिझनेसमध्ये जागा रिकाम्या असतील तर काही प्रवाशांना वर नेणे कंपनीला ७५ टक्के परत देण्यापेक्षा स्वस्त पडते. माझा अनुभव असा की ज्यांनी पहिल्या दोन-तीन दिवसांत, वैद्यकीय कारण आणि नियमातील टक्केवारी यांचा उल्लेख करून लेखी मागणी केली, त्यांपैकी काहींना ती जागा मिळाली. ज्यांनी महिन्यानंतर मागितली त्यांना मिळाली नाही. शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांची प्रत सोबत जोडा.

तिसरा मार्ग इकॉनॉमीतून जाण्याचा, पण निषेध नोंदवून. ‘आम्ही पर्याय नसल्यामुळे या विमानाने जात आहोत, खालचा वर्ग आम्ही स्वेच्छेने स्वीकारलेला नाही आणि नियमानुसार देय रकमेवरील हक्क राखून ठेवत आहोत’ या आशयाची ईमेल प्रवासाच्या आधी कंपनीच्या ग्राहक-तक्रार पत्त्यावर पाठवावी, आणि मूळ वर्ग दाखवणारी तिकिटाची प्रत व प्रत्यक्ष बसल्याचा बोर्डिंग पास जपून ठेवावा. पासाचे छायाचित्र काढून ठेवा, कारण मोबाइलमधील पास प्रवासानंतर अनेकदा नाहीसा होतो.

पूर्ण परतावा हा मार्ग मी सर्वांत शेवटी ठेवतो. कंपनी तो देईल, कदाचित आनंदाने देईल, पण मे महिन्याच्या तोंडावर दुसऱ्या कंपनीचे थेट विमान त्याच पैशांत मिळेल अशी आशा धरू नका. तरीही वडील नऊ-दहा तास इकॉनॉमीच्या आसनात बसूच शकणार नसतील, तर पैशांकडे न पाहता हाच निर्णय घ्यावा लागेल. आखातातील एखाद्या विमानतळावर उतरून प्रवास दोन तुकड्यांत करणे पायांना बरे पडते, पण आईच्या व्हीलचेअरची देवाणघेवाण त्यात दुप्पट होते. यातील काय सोपे, हे घरच्यांनाच ठरवता येईल. परतावा घ्यायचाच ठरला तर आधी नवे तिकीट हातात घ्या, मग जुने रद्द करा.

परतीच्या प्रवासाची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या बाजूची आहे. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला, कंपनी कोणत्याही देशाची असो, तिथला प्रवासी-हक्कांचा कायदा लागू होतो. तो युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमावरून आलेला आहे. ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात खालच्या वर्गात बसवले तर त्या टप्प्याच्या भाड्याच्या ७५ टक्के रक्कम सात दिवसांत परत करावी, असे तो सांगतो. युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार ही टक्केवारी संपूर्ण परतीच्या तिकिटावर न मोजता त्या टप्प्याच्या भाड्यावर मोजतात आणि त्यातून वर्गावर अवलंबून नसलेले कर वगळतात. इथे आपल्या नियमापेक्षा तो कमी उदार आहे, कारण डीजीसीए कर धरून रक्कम मोजते. पण एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ब्रिटनमधून निघताना लागणारा हवाई प्रवासी कर वर्गाप्रमाणे बदलतो आणि प्रीमियम इकॉनॉमीला तो इकॉनॉमीच्या दुपटीहून अधिक असतो. इकॉनॉमीतून प्रवास झाला तर हा फरकही मागावा. एकाच टप्प्यासाठी दोन देशांचे नियम लावून दोनदा पैसे मिळत नाहीत. म्हणून जातानाच्या टप्प्यासाठी डीजीसीएचा आणि येतानाच्या टप्प्यासाठी ब्रिटनचा नियम उद्धृत करून दोन स्वतंत्र अर्ज करावेत.

पहिल्या रांगेसाठी भरलेल्या पैशांचा हिशेब तिकिटापासून वेगळा असतो. आसनाचे पैसे भरले की ईएमडी नावाचा वेगळा दस्तऐवज निघतो आणि त्यालाही तिकिटासारखा तेरा आकडी क्रमांक असतो. तिकिटाचा परतावा मिळाला म्हणजे आसनाचाही मिळाला असे होत नाही, ईएमडीचा क्रमांक देऊन तो वेगळा मागावा लागतो. तिकीट एजंटाकडून काढले असेल तर हा क्रमांक त्याच्याकडे असतो. एजंटांविषयी आणखी एक गोष्ट, आणि ती मी आमच्या व्यवसायातला म्हणूनच सांगतो: वेळ किंवा विमान बदलल्याचा संदेश अनेकदा एजंटाच्या संगणकावरील रांगेत येऊन पडतो, आणि एजंटाने आपला मोबाइल क्रमांक नोंदवलेला नसेल तर प्रवाशाला काहीच कळत नाही. तिकीट काढतानाच स्वतःचा क्रमांक नोंदवायला सांगावे. आपल्याला संदेश वेळेवर आला, हे चांगले झाले.

वडिलांच्या गुडघ्याविषयी. इकॉनॉमीतून जावे लागले तर आपत्कालीन दाराजवळची आसने मागू नका. तिथे पाय पसरायला जागा असते, पण हालचालींना मर्यादा असलेल्या प्रवाशाला तिथे बसू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत पुढे आसन नसते, मात्र पाय समोर सरळ लांबवता येईलच असे नाही, आणि जेवणाचा ट्रे हाताच्या आधारात बसवलेला असल्याने ती आसने थोडी अरुंद असतात. बहुतेक बोइंग ७८७ विमानांत इकॉनॉमीची रांग ३-३-३ अशी आणि बहुतेक ७७७ मध्ये ३-४-३ अशी असते. वडिलांचा उजवा गुडघा ताठ राहत असेल तर त्यांच्या उजव्या हाताला मार्गिका येईल असे आसन निवडा, म्हणजे डाव्या बाजूच्या तीन आसनांपैकी आतल्या बाजूचे. गाड्या फिरत नसताना पाय तिकडे थोडा सोडता येतो. डाव्या हाताला मार्गिका असलेले आसन चुकून घेतले तर तेवढीही सोय राहणार नाही. तासाभराने उठून चालणे आणि पोटऱ्यांचे व्यायाम याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आईच्या व्हीलचेअरची नोंद विमान बदलल्यावर पुन्हा तपासा. संगणक प्रवाशांना एका विमानातून दुसऱ्या विमानात हलवतो तेव्हा विशेष सेवेच्या नोंदी बहुधा सोबत येतात, पण नवे तिकीट निघाले तर त्या गळून पडल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. नोंद कोणत्या प्रकारची आहे हेही विचारा. पायऱ्या चढता येतात अशा प्रवाशाची, पायऱ्या चढता येत नाहीत अशा प्रवाशाची आणि अजिबात चालता येत नाही अशा प्रवाशाची, असे तीन वेगळे संकेत असतात. संकोचाने सौम्य प्रकार नोंदवला आणि विमान दूर उभे राहून शिडी लागली, तर आईची पंचाईत होईल. ही मागणी प्रवासाच्या किमान ४८ तास आधी पक्की झालेली असावी.

बहिणीच्या बाबतीत एक सावधगिरी. डीजीसीएने २०२४ मध्ये कंपन्यांना असे बजावले आहे की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरील किमान एका पालकाशेजारी आसन द्यावे. ‘त्याच पीएनआरवरील’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बहीण आणि भाची एका पीएनआरवर असतील तर त्यांची ताटातूट होणार नाही, पण आजी-आजोबा वेगळ्या पीएनआरवर असल्यामुळे ते जवळ बसतील याची हमी कुणी देत नाही. आणि आपण आईवडिलांची तारीख बदललीत तर बहिणीच्या तिकिटाला तो बदल आपोआप मोफत मिळणार नाही, कारण तिचा वर्ग तर तसाच राहिला आहे. दोन्ही पीएनआर एकत्र प्रवास करणारे एकच कुटुंब म्हणून जोडून घ्यावेत आणि त्यानंतर दोन्हींचा बदल एकाच वेळी मागावा. हे काम फोनवर होत नाही. कंपनीच्या कार्यालयात जाऊन किंवा एजंटामार्फत करावे.

काही जण विमानाच्या प्रकाराची भीती वाटते म्हणूनही बदल नाकारू इच्छितात. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर घोडबंदर रस्त्यावरच्या एका कुटुंबाने ७८७ नसलेलेच विमान शोधून द्या असे मला सांगितले होते, आणि मी ते शोधून दिले. ती भीती मी कधीच हसण्यावारी नेत नाही. पण विमान पुढे बदलले तर केवळ त्या कारणावर परतावा मिळत नाही, हे त्यांना तिकीट काढण्याआधीच सांगावे लागते. अशा प्रवाशाने थोडे महाग पण रद्द करता येणारे तिकीट घ्यावे. प्रवास-विम्याच्या बहुतेक पॉलिसींतही विमानाच्या प्रकारातील बदलासाठी काही मिळत नाही.

कंपनीने दाद दिली नाही तर पुढची पायरी तिच्या तक्रार-अधिकाऱ्याची, त्यानंतर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलची. तिथे तक्रार क्रमांक मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावेच लागते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही उपयोगी पडते. त्यापुढे ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय कुठे आहे याला महत्त्व नाही. नेरुळ ठाणे जिल्ह्यात येते, म्हणून आपला अर्ज ठाणे जिल्ह्याच्या आयोगाकडे जाईल. खारघर किंवा कामोठ्याचा रहिवासी असता तर तो रायगडकडे गेला असता. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो आणि मुदत दोन वर्षांची असते. तिथे तुमच्या बाजूने बोलणारा पुरावा म्हणजे आज लिहिलेली ईमेल आणि न दाबलेले बटण.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाल्यामुळे आता आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मुंबईच्या जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम आणि नव्याचा एनएमआय आहे. तारीख बदलून मिळाली तर नव्या तिकिटावर निघण्याचे ठिकाण तेच आहे ना हे वाचा. आपल्याला उलव्याचा विमानतळ जवळ असला तरी मुलुंडहून किंवा ठाण्याहून येणाऱ्या बहिणीला तो तसा नसेल, आणि आईवडिलांची व बहिणीची तिकिटे वेगळ्या विमानतळांची निघाली तर एकत्र जाण्याचा हेतूच संपेल.

बदललेले विमान पुन्हाही बदलू शकते, आणि हे मी वारंवार पाहिले आहे. प्रवासाच्या पंधरा दिवस आधी, मग तीन दिवस आधी आणि मग आदल्या दिवशी आसन-नकाशा उघडून पाहत जा. नव्या केबिनचे विमान परत आले तर संगणक आईवडिलांना त्यांच्या जुन्या जागी आपणहून नेत नाही. जो आधी फोन करतो त्याला ती आसने मिळतात. याच कारणासाठी आसनांच्या पैशांचा परतावा मागण्याची घाई करू नका. ईएमडी रद्द झालेला नसेल तर पहिल्या रांगेतील तीच दोन आसने पुन्हा पैसे न भरता मागता येतील.